उत्तर कानड्याचा एकइंची नकाशा : साधन म्हणून परीक्षण

जुने कागद जमविणाऱ्या मंडळींस नकाशाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. तथापि आमच्यांतील बहुतेकांच्या संग्रहांत नकाशाची गणना साधनांत होत नाहीं. साधनें वाचतांना लागणाऱ्या साहित्यांत होते. मोडी पत्रांत एखादें गांव आलें म्हणजे तें कोठें आहे हें नकाशांत पाहावयाचें, आणि काम झालें कीं नकाशा गुंडाळून ठेवावयाचा, अशी आपली रीत आहे. पत्राचें अक्षर, शिक्का, तारीख, लिहिणाऱ्याचा हेतु या सर्वांची छाननी करणारे आम्ही नकाशाची साक्ष मात्र न तपासतां मान्य करितों. हा भेद न्याय्य नाहीं. नकाशा हाहि कोणी तरी, कोणत्या तरी काळीं, कांहीं एका हेतूनें लिहिलेला कागद आहे. आणि दस्तऐवजास जे प्रश्न विचारावयाचे, तेच त्यासहि विचारले पाहिजेत. उत्तर कानडा जिल्ह्याच्या एकइंची नकाशाचें परीक्षण करून हें दाखवावें, असा या लेखाचा उद्देश आहे.

हा जिल्हा मुद्दाम निवडण्यास कारण आहे. समुद्रकांठ, घाट आणि इमारती लाकडाचें अरण्य हीं तीन एकमेकांस इतकीं लागून असलेला, आणि मराठ्यांच्या, पोर्तुगीजांच्या व कानडी पाळेगारांच्या दप्तरांत एकसारखा येणारा, असा दुसरा मुलूख पश्चिम किनाऱ्यावर क्वचित् सांपडेल. १८६२ सालीं हा जिल्हा मद्रास इलाख्यांतून काढून मुंबई इलाख्यांत घातला गेला, आणि १९५६ च्या प्रांतरचनेपर्यंत तो मुंबईकडेच होता. त्यामुळें त्याचे कागद मुंबई, पुणें, मद्रास व गोवें अशा चार ठिकाणीं विखुरले आहेत. जो संशोधक ते जुळवूं लागतो त्याच्या हातीं सर्वांस समान असें एकच साधन येतें, तें म्हणजे हा नकाशा. म्हणूनच त्याचे गुण व दोष नीट कळले पाहिजेत.

प्रथम नकाशाचें बाह्य स्वरूप सांगतों. हिंदुस्थानच्या मोजणी खात्यानें १९०५ सालापासून एका मैलास एक इंच या प्रमाणाची, रंगीत व समोच्च रेषांनीं युक्त अशी नवी मालिका हातीं घेतली. त्या मालिकेंत एक अंश अक्षांश व एक अंश रेखांश यांच्या चौकटीस एक अक्षर दिलें असून, त्या चौकटीचे पुन्हां सोळा भाग पाडिले आहेत. ४८ आय् व ४८ जे या दोन चौकटींत आपला बहुतेक जिल्हा येतो. भटकळ तेवढें चौदा अंशांच्या किंचित् खालीं राहिल्यामुळें ४८ के मध्यें गेलें आहे. कारवार ४८ जे च्या पहिल्याच पत्रांत आहे. प्रत्येक पत्र सुमारें सतरा इंच उंच व त्याहून थोडें कमी रुंद असतें, म्हणजे एका पत्रांत पावणेतीनशें ते तीनशें चौरस मैल मुलूख सामावतो. उंचीच्या रेषा पिंगट, पाणी निळें, अरण्य हिरवें, लागवड पिवळी, वस्ती व रस्ते तांबडे, अक्षरें काळीं, अशी रंगांची वांटणी आहे.

या नकाशाचा पहिला गुण हा कीं तो जमिनीची घडण सांगतो. आणि या मुलखाचा इतिहास जमिनीच्या घडणीवांचून उलगडत नाहीं. उदाहरणार्थ काळी नदी घ्या. सुप्याहून दांडेलीकडे जाईपर्यंत ती पठारावरून वळणें घेत जाते. पुढें पिंगट रेषा दोहों बाजूंनीं तिला दाटीनें चिकटतात, नदी खोल दरींत शिरते, आणि कद्र्यापाशीं आल्यावर रेषा पुन्हां दूर होतात. कद्र्याच्या खालीं पात्र रुंद होऊन सदाशिवगड व कारवार यांच्यामधून समुद्रास मिळतें. हें एवढें बोटानें अनुसरलें कीं जुन्या कागदांतील एक कोडें सुटतें. घाटावरचा साग नदीच्या कांठीं असूनहि तो सरळ नदीनें बंदरास कां येत नव्हता, आणि कद्र्यासारखें लहानसें गांव लाकडाच्या वखारीचें ठिकाण कां झालें, याचें उत्तर येथें आहे. होड्या व लाकडाचे तराफे कद्र्यापर्यंतच चालत. त्याच्या वर धबधबे. तेव्हां अरण्यांतून कद्र्यापर्यंत ओढणावळ, व तेथून पुढें पाणवाट, असे व्यापाराचे दोन तुकडे पडत, आणि लाकडाची किंमत पहिल्या तुकड्यावर ठरे.

तसेंच घाटांचें. आरबैल, देवीमने व अणशी हे तीन घाट नकाशावर एकत्र पाहिल्यानें कारवार, अंकोलें व कुमठें या बंदरांची परस्परांशीं चढाओढ कां होती हें कळतें. धारवाडचा कापूस कोणत्या बंदरीं उतरवावा हा प्रश्न १८६० च्या पुढें मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं उचलला, आणि कारवारच्या बंदरासाठींच जिल्हा मुंबईकडे आला. पुढें १८८८ सालीं मुरगांवाहून कॅसलरॉकपर्यंत आगगाडी झाली, तेव्हां घाटमाथ्यावरील लाकडास नदी सोडून लोहमार्गाची वाट मिळाली. एकाच पत्रांत नदी, घाट व लोहमार्ग असे तीन काळांचे तीन मार्ग शेजारीं शेजारीं काढलेले दिसतात. बखरकारास जें दहा पानांत सांगतां आलें नसतें तें येथें एका दृष्टिक्षेपांत समजतें. इतका गुण मान्य करूनच आम्ही पुढें जातों.

आतां नांवांकडे वळूं. आमच्या वाचकांस नकाशाची गरज प्रायः नांवांसाठींच लागते, आणि सावधगिरीहि येथेंच अधिक पाहिजे. नकाशावरील नांवें रोमन लिपींत आहेत. त्या लिपींत ळ व ल, ण व न, ट व त यांचा भेद राहत नाहीं. गांवकऱ्याच्या तोंडीं कोंकणी, पाटलाच्या कागदांत कानडी, आणि जुन्या दप्तरांत मराठी, अशीं एकाच गांवाचीं तीन रूपें असतां, तिन्ही या एका चाळणींतून गाळून निघालेलें चौथें रूप नकाशावर छापलें जातें. काळी नदीचेंच नांव पाहा. रोमन अक्षरांवरून तिला कालीदेवीची नदी म्हणावें असें कोणासहि वाटेल, आणि कानडींत देवीचें नांवहि ळकारयुक्तच असल्यानें कानडी कागदावरूनहि निर्णय होत नाहीं. परंतु सुप्यापाशीं तिला मिळणारी नदी पांढरी या नांवाची आहे. काळी व पांढरी ही जोडी एकत्र वाचली म्हणजे नांव देवतेवरून नसून पाण्याच्या किंवा कांठच्या मातीच्या रंगावरून पडलें असावें, हा पक्ष बळकट होतो. दोन नद्यांचा संगम दाखवून हा पुरावा पुढें ठेवणाराहि नकाशाच, आणि अक्षरांनीं तो झांकणाराहि नकाशाच, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

दुसरें उदाहरण सदाशिवगडाचें. गड या पदावरून व सदाशिव या नांवावरून आमच्याकडील पुष्कळ वाचक तो मराठ्यांनीं बांधलेला समजतात. वस्तुतः तो सोंदें संस्थानच्या अधिपतीच्या नांवाचा आहे. इंग्रजी कागदांत याच नांवाचें सेदाशेगर असें विद्रूप झालेलें असून, तें नांव किल्ल्यास व बंदरास सरसकट लाविलेलें आढळतें. आणि ज्या सोंद्याच्या अधिपतीनें हा गड वसविला, त्याची राजधानी ४८ जे मध्यें आज एका साध्या खेड्याच्या अक्षरांत छापली आहे. १७६३ सालीं हैदरानें बिदनूर घेतल्यानंतर सोंद्याचा अधिपति गोव्याच्या आश्रयास गेला, आणि नगराचें खेडें झालें. नकाशा अक्षरांचा आकार आजच्या वस्तीवरून ठरवितो, पूर्वीच्या प्रतिष्ठेवरून नाहीं. जुन्या पत्रांतील स्थळें शोधतांना मोठीं अक्षरें प्रथम पाहण्याची संवय म्हणूनच घातक आहे. ज्या ठिकाणीं लहान नांवापाशीं देवालयाचें किंवा पडक्या किल्ल्याचें चिन्ह दिसेल, तेथें आधीं थांबावें.

यापुढें आमचा मुख्य आक्षेप. तो हिरव्या रंगासंबंधीं आहे.

हीं पत्रें उलगडतांच डोळे हिरव्या रंगानें भरून जातात, आणि हें प्राचीन अरण्य असा भाव आपोआप उत्पन्न होतो. कित्येक लेखकांनीं अशा पत्रावरून शिवकालीन अरण्याची व्याप्ति ठरविलेली आम्हीं वाचली आहे. हा तर्क दोन कारणांनीं चुकीचा आहे.

पहिलें कारण असें कीं हिरवा रंग झाडें सांगतो, झाडांची जात सांगत नाहीं. हल्याळ व दांडेलीकडील पानगळीचें सागवान अरण्य आणि घाटाच्या कड्यावरील सदा हिरवें, दाट, सागरहित अरण्य यांत व्यापाराच्या, आरमाराच्या व राज्यकर्त्याच्या दृष्टीनें जमीनअस्मानाचें अंतर. नकाशावर मात्र दोन्ही एकरूप. मोजणी खात्याच्या चिन्हांची यादी पाहावी. ताडास चिन्ह आहे, इतर माडांस आहे, केळीस आहे, देवदारवर्गास आहे, बांबूस आहे. आणि राहिलेल्या सर्वांस मिळून ‘इतर झाडें’ असें एक चिन्ह आहे. ज्या सागासाठीं या किनाऱ्यावर १८०६ सालींच कॅप्टन वॉटसन यांस पहिले जंगल-संरक्षक नेमिलें, ज्याच्या बळावर मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें जहाजें बांधिलीं, तो साग या यादींत ‘इतर झाडें’ यांत पडला आहे! क्वचित् एखाद्या पत्रांत मिश्र अरण्य, मुख्यत्वें साग, अशा अर्थाचा बारीक अक्षरांतील शेरा आढळतो. आमच्या मतें हे शेरे त्या नकाशांतील सर्वांत मौल्यवान मजकूर होत, आणि संग्राहकांनीं पत्र हातीं येतांच प्रथम ते उतरून घ्यावे.

दुसरें कारण अधिक गंभीर आहे. हिरव्या रंगाभोंवतीं जी राखीव जंगलाची सीमा काढलेली असते, ती निसर्गाची सीमा नसून कायद्याची आहे. वॉटसन यांचें पद १८२३ सालीं मोडलें. पुढें १८४७ सालीं मुंबई इलाख्यांत डॉक्टर गिब्सन जंगल-संरक्षक झाले. १८६५ व १८७८ चे कायदे आले. आणि दुसऱ्या कायद्यानें राखीव व संरक्षित असे वर्ग ठरून गांवोगांव हक्कांची चौकशी होऊन सीमा बांधल्या. नकाशावरील रेघ ही त्या चौकशीचा निकाल आहे. त्या वादांतील दुसऱ्या पक्षाचें म्हणणें नकाशावर कोठेंहि नाहीं. न्यायाधीशाचा निकाल पाहून फिर्यादीचे कागद न वाचतां इतिहास लिहिणें आणि या रेघेवरून अरण्याचा इतिहास लिहिणें सारखेंच होय.

तो दुसरा पक्ष कोणता? एक, कुमरी करणारे. डोंगरउतारावरील झाडें थंडींत तोडावयाचीं, उन्हाळ्यांत जाळावयाचीं, पावसाळ्यांत राखेंत नाचणी पेरावयाची, आणि दोनतीन पिकांनंतर तो तुकडा अनेक वर्षें सोडून द्यावयाचा, ही त्यांची शेती. मोजणीदार कोरड्या ऋतूंत प्लेन-टेबल घेऊन हिंडतो. त्यास चालू कुमरी जळकी जागा म्हणून दिसते, आणि सोडलेली कुमरी विरळ झुडूप म्हणून. शेतीचें चिन्ह तीस मिळत नाहीं, म्हणून शेतकरीहि नकाशांतून नाहींसा होतो. दोन, घाटावरील सुपारीबागा करणारे. त्यांस बागेच्या खतासाठीं झाडपाला देणारी बेट्टजमीन परंपरेनें नेमलेली असे. बागेवांचून बेट्ट व्यर्थ आणि बेट्टावांचून बाग मरे. नकाशांत बाग एका रंगाची, बेट्ट दुसऱ्या. त्यांना बांधणारा संबंध रंगांत येत नाहीं. तीन, कानु म्हणून ओळखलीं जाणारीं गांवांनीं राखलेलीं दाट रानें, ज्यांत देवाचें स्थान असे, मिरीचे वेल असत, आणि कुऱ्हाड घालण्यास निर्बंध असे. हींहि त्याच हिरव्या रंगांत बुडालीं. या तिन्ही गोष्टींचा उल्लेख १८८३ च्या मुंबई गॅझेटिअरच्या कानडा भागांत व त्यापूर्वीं १८०१ सालीं या मुलखांतून गेलेल्या बुकाननच्या प्रवासवृत्तांत येतो. म्हणजे नकाशा निघण्यापूर्वींच त्या ज्ञात होत्या. नकाशानें त्या वगळल्या, कारण त्याचा प्रश्नच निराळा होता.

येथें एक तुलना सुचवितों. आमच्या वाचकांस रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र परिचयाचें आहे. आरमारासाठीं लाकूड कसें मिळवावें याविषयीं त्यांत जो विचार आहे, त्यांत साग इत्यादि झाडें परवानगीनें तोडावीं, परंतु आंबा व फणस यांस हात लावूं नये, कारण तीं रयतेनें लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात, आणि जीर्ण झाड घेणेंच झालें तर धन्यास द्रव्य देऊन, राजी करून घ्यावें, असा आशय आहे. राज्यास लाकूड हवें होतें, हें तेथेंहि स्पष्टच आहे. भेद इतकाच कीं त्या कागदांत झाडास जात आहे, वय आहे आणि धनी आहे. एकइंची नकाशांत या तिहींपैकीं एकहि नाहीं. आम्ही जुन्या राज्यास निष्कलंक म्हणत नाहीं. आज्ञेप्रमाणें सर्वत्र वर्तन झालें असें समजण्यास आधार नाहीं. परंतु अरण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानें कोणते प्रश्न विचारावे हें आज्ञापत्र नकाशापेक्षां अधिक शिकवितें, इतकें खास.

यावर कोणी म्हणेल कीं स्थलवर्णनाच्या नकाशाकडून हक्कांची अपेक्षा करणेंच अन्याय्य. त्यासाठीं गांवचे जमिनीचे नकाशे व हक्कनोंदी आहेत. आक्षेप योग्य आहे, आणि मोजणीदारांच्या कौशल्यास आम्हीं कोठेंहि उणें म्हटलेलें नाहीं. दाट रानांत, जेथें दहा पावलांवरचें दिसत नाहीं, तेथें उंचीच्या रेषा इतक्या काढणें हेंच मोठें काम आहे. मात्र अशा ठिकाणच्या रेषा उघड्या मैदानांतील रेषांइतक्या नेमक्या मानूं नयेत. आमचें म्हणणें मोजणीदाराविरुद्ध नाहीं, तर नकाशाच्या वाचकाविरुद्ध आहे. ज्या कागदानें हक्क सांगण्याचें पत्करलेंच नाहीं, त्याच्या मौनावरून हक्क नव्हते असें अनुमान काढणें हा वाचकाचा दोष. आणि हा दोष केवळ पांडित्याचा नव्हे. १९३० ते १९३४ च्या कायदेभंगांत अंकोलें व सिद्दापूर येथील शेतकऱ्यांनीं करबंदीसाठीं जमिनी घालविल्या. त्या चळवळीच्या कागदांत जंगलाच्या जाचाच्या तक्रारी वाचतांना ज्याच्यासमोर केवळ हिरवा नकाशा आहे, त्यास ती तक्रार निराधार वाटेल. ज्यानें बेट्ट, कुमरी व कानु यांची माहिती करून घेतली आहे, त्यास ती समजेल.

आतां नकाशाच्या पक्षाची शेवटची व सर्वांत बलवान् गोष्ट. ज्या गोष्टीसाठीं तो काढला गेला नाहीं, त्याच गोष्टीसाठीं तो आज अमोल झाला आहे. सुपा येथें काळीवर धरण होऊन १९८७ सालीं तें पुरें झालें, आणि जुनें सुपें, जें तालुक्याचें ठिकाण होतें, तें आसपासच्या खेड्यांसह पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी आतां जोयडा येथें आहे. पुढें कद्र्यासहि धरण झालें. संगमाच्या कोनांत वसलेलें गांव, तेथें मिळणाऱ्या पायवाटा, कांठची पिवळी शेती, पाण्याच्या विहिरी, हें सर्व आतां केवळ जुन्या एकइंची पत्रांत पाहावयास मिळतें. नव्या पत्रांत त्या जागीं निळा रंग आहे. काळी व पांढरी यांचा जो संगम आम्हीं वर पुरावा म्हणून सांगितला, तोहि आतां जलाशयांत मिसळून गेला आहे. ज्या नकाशास आम्हीं मौनाचा दोष दिला, तोच येथें बुडालेल्या गांवांच्या वतीनें बोलतो. त्याच्या मौनावर विश्वास ठेवूं नये, पण त्याच्या बोलण्याची उपेक्षाहि करूं नये, हा आमचा निर्णय यावरून कळेल.

संग्राहकांस दोनचार सूचना करून लेख संपवितों. पहिली, पत्राच्या कडा कापूं नयेत. चौकटीच्या बाहेर मोजणीचीं वर्षें, आवृत्ति व शेजारील पत्रांचे अंक छापलेले असतात; भिंतीवर लावण्यासाठीं किंवा कापडावर चिकटविण्यासाठीं कडा छाटल्या कीं नकाशाची तारीखच गेली, आणि तारीख गेलेला कागद अर्धा मेला. दुसरी, एकाच पत्राच्या निरनिराळ्या आवृत्त्या या प्रती समजून टाकून देऊं नयेत. दोन आवृत्त्यांतील फरक हाच इतिहास. तिसरी, १८७२ पासून जंगल-मोजणीसाठीं निराळी शाखा निघून तिनें मोठ्या प्रमाणाचे जे नकाशे केले, ते सांपडल्यास एकइंची पत्राबरोबर ठेवावे, आणि त्यांच्या जोडीस गांवनकाशे. चौथी, किनारपट्टीचीं पत्रें दीर्घकाळ सार्वजनिक विक्रीस मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें व १९२१ नव्हे तर २०२१ च्या नव्या नियमांनीं ती अडचण पुष्कळशी दूर झाली असली, तरी हे नियम नव्या माहितीचे. जुन्या छापील प्रती अद्यापि खासगी पेट्यांतच आहेत व वाळवीस बळी पडत आहेत.

शेवटची सूचना सर्वांत सोपी व सर्वांत निकडीची आहे. सुपें सोडून आलेल्या पिढींतील वृद्ध माणसें अजून हयात आहेत. ज्याच्या हातीं जुनें पत्र असेल त्यानें तें त्यांच्यासमोर पसरावें, आणि रोमन अक्षरांतील प्रत्येक नांव त्यांच्या तोंडून ऐकून देवनागरींत लिहून घ्यावें. शेत कोणाचें, देवराई कोणाची, वाट कोठें जात होती हें विचारावें. मोजणीदारानें जें विचारलें नाहीं तें विचारण्याची संधि आपणांस आहे, आणि ती फार दिवस राहणार नाहीं.